एका बुटाची चौथाई

बोडियमच्या किल्ल्यात आत काहीच नाही.
बाहेरून अख्खा. गोल बुरूज, भोवती खंदक,
खंदकात उलटा दुसरा किल्ला,
आणि दारातून शिरलं की नुसतं गवत,
भिंतीत अधांतरी अडकलेल्या चुली,
ज्यांच्याखालची जमीन कधीच पडून गेली.

"राजा कुठाय?" ओजसने विचारलं.
राजा नव्हता रे, सरदार होता.
"मग तो कुठाय?"
तिकीट चौघांचं काढलं होतं,
उत्तरं द्यायला मी एकटा.

शाल्मली सात वर्षांची, फलक मोठ्याने वाचते.
तिने जाहीर केलं की इथे अठ्ठावीस संडास होते,
सगळे थेट खंदकात.
त्यानंतर कमानी, तट, बाणांच्या फटी
कुणाला दिसेचनात.
संडास मोजत फिरलो आम्ही, चक्राकार जिन्यांवरून,
वर येणाऱ्यांना पोट आत घेऊन वाट देत.
अकरा सापडले.
बाराव्यावरून भांडण झालं.

परतताना पुलावर ओजस
माशांना पाय दाखवत बसला.
वेल्क्रो सैल होतं.
मला माहीत होतं,
सकाळपासून माहीत होतं.

टप्प.

टाचेत दिवा असलेला निळा बूट
बुडताना दोनदा लुकलुकला.
कार्प आले, हुंगून गेले.
तो रडेल म्हणून मी तोंड उघडलं
तर तो शांतपणे म्हणाला, "आता तो त्यांचा."

केतकीला हसू आवरेना.
"दोन पोरांचे चार बूट, त्यातला एक.
बरोब्बर चौथाई भरलीस की रे!"
आपण ती वसूल करायचो ना गं?
"तेव्हा. आता पार्किंगचेसुद्धा भरतो."

मग द्राक्षमळ्याची चढण, तो माझ्या खांद्यावर,
ओला मोजा माझ्या कानाला घासत.
ग्वेन नावाची बाई, गुडघाभर रबरी बूट,
पाठ केलेलं सांगत होती:
मे महिन्यात रात्री दंव गोठतं,
मग ओळींमधून मेणबत्त्या पेटवायच्या,
शेकडो, पहाटेपर्यंत.
मे महिन्यात!
पलूसला मामाच्या बागेत मे म्हणजे
खरड छाटणीनंतरचं ते ऊन,
तार हाताला लागली तर चटका.
दिवाळीच्या सुट्टीत औषधाच्या मगात
एकेक घड बुडवून काढायचो आम्ही पोरं,
पिवळ्या बोटांनीच चिवडा खायचो.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
हात मात्र आपणहून गेला,
एक पान उलटं केलं.
पाठीवर पांढरी बुरशी, पिठासारखी.
ग्वेन बोलायची थांबली. जवळ आली.
"डावणी," मी म्हणालो, मराठीतच, मामाच्या आवाजात.
ती म्हणाली, "हो, डाउनी."

इतकी वर्षं मला वाटायचं
हा शब्द पलूसच्या मातीतला.
मोरचूद, विरळणी, डावणी,
एकाच फडताळातले.
तो तर हिच्याच घरून गेलेला,
मामाकडे राहून राहून
रंगाने सावळा झालेला.

आम्ही दोघं त्या पानाकडे बघत राहिलो,
आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे.

शेडमध्ये केतकीने तीन घोट चाखले,
मी वास घेतला, गाडी मला चालवायची होती.
ओजसने न विचारता एक मणी तोडला,
चावला, थुंकला,
डोळे मिटून सगळ्या अंगाने शहारला.
"कोल्हा खरं बोलत होता," शाल्मली म्हणाली.

क्रॉलीला पोचायला तासभर.
खाली बुटात एक पाय, एक नागडा,
दोन्ही झोपेत सारखेच सैल.
मागून शाल्मलीने विचारलं,
"उरलेल्या बुटाचं काय करायचं?"
केतकीने माझ्याकडे बघितलं.
वळणाचा दिवा लुकलुकत होता.
समोरून गाड्या येतच होत्या,
मी वाट बघत थांबलो.